संगणक बंद पडला? आधी भिंतीकडे बघा

१ जानेवारी २००० रोजी मध्य प्रदेशाच्या माळव्यातल्या धार जिल्ह्यात 'ज्ञानदूत' हे गावोगावच्या संगणक-केंद्रांचं जाळं सुरू झालं. खेड्यातल्या सूचनालयात एक संगणक, एक मोडेम, एक डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आणि जोडीला यूपीएस. गावातलाच एखादा शिकलेला मुलगा 'सूचक' म्हणून बसायचा आणि मंडीचे भाव, जमिनीच्या खसऱ्याची नक्कल, दाखल्यांचे अर्ज अशी कामं करून द्यायचा. त्याच वर्षी या प्रयोगाला स्टॉकहोम चॅलेंज पुरस्कार मिळाला आणि देशोदेशीचे अभ्यासक धार या पवारांच्या जुन्या राजधानीत येऊ लागले. त्यांच्या अहवालांत दोन तक्रारी पुन्हापुन्हा दिसतात: वीज टिकत नाही आणि टेलिफोनची लाइन धड नसते. ज्ञानदूत पुढे मंदावलं त्याला इतरही कारणं होती. पण संगणक चालेल की नाही हे त्याच्या डब्याबाहेरच्या गोष्टी किती ठरवतात, याचा इतका ढळढळीत दाखला दुसरा मिळणं कठीण.

आज पीथमपूर आणि देवासच्या कारखान्यांत, शहरातल्या आर्किटेक्टकडे, लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या स्टुडिओत लाखालाखाची वर्कस्टेशन्स दिसतात. ती बंद पडली की पहिला संशय मात्र आतल्याच कुठल्यातरी भागावर जातो. मदरबोर्ड गेला, प्रोसेसर उडाला, असं कॅबिनेट उघडायच्या आधीच ठरून जातं.

सर्वांत नेहमीची तक्रार घ्या: लाइट नुसती लुकलुकली, पंखा फिरतच राहिला, पण संगणक रीस्टार्ट झाला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचं एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं. पुरवठा तुटल्यावर एसएमपीएसने, म्हणजे संगणकातल्या वीजपुरवठ्याच्या डब्याने, पूर्ण भारावर सुमारे १६ मिलिसेकंद तग धरावा, अशी त्याच्यासाठीच्या एटीएक्स मानकाची अपेक्षा असते. हा तग धरतो तो आतल्या एका मोठ्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर. यूपीएसला बॅटरीवर जायला साधारणपणे याहून कमी वेळ लागतो, म्हणून नव्या मशीनवर काहीच जाणवत नाही. पण कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षांच्या उष्णतेने सुकत जातो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. साठा आटला की पूर्वी पुरून उरणारे ते मिलिसेकंद कमी पडू लागतात. मालक आधी यूपीएसची बॅटरी बदलतो, मग अख्खा यूपीएस बदलतो, तरी रीस्टार्ट थांबत नाही. दुसरा चांगला एसएमपीएस तासभर लावून बघितला तर हे सगळे पैसे वाचतात. मात्र एसएमपीएसचा डबा घरी उघडू नका. त्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात.

मशीन जोरात कामाला लावल्यावरच बंद पडत असेल, तर घड्याळ बघा. रेंडरिंगचं बटण दाबताच अंधार झाला तर संशय विजेवर, म्हणजे एसएमपीएसवर. दहा-पंधरा मिनिटं चालून पडलं तर उष्णतेवर. धातूला तापायला वेळ लागतो, करंटला लागत नाही. माळव्याच्या रात्री गार असल्या तरी मे महिन्यातल्या दुपारी खोलीतली हवाच ४० अंशांवर असते. हीटसिंक प्रोसेसरला या हवेपेक्षा थंड कधीच करू शकत नाही. पूर्ण भारावर प्रोसेसर खोलीच्या हवेपेक्षा ५० अंशांनी वर जात असेल, तर २५ अंशांच्या खोलीत तो ७५ला थांबतो आणि ४२ अंशांच्या खोलीत ९२ गाठतो. अनेक प्रोसेसर शंभरच्या आसपास स्वतःहून वेग कमी करतात. त्यात काळ्या मातीची बारीक धूळ आणि गव्हाच्या मळणीचा भुसा पंख्यात बसला की उरलेले आठ अंशही जातात. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर ते भन्नाट फिरून बेअरिंगचं नुकसान होतं.

आता डबा उघडायचाच असेल तर त्याची एक शिस्त आहे. मदरबोर्ड, हीटसिंकसकट प्रोसेसर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस एवढंच ठेवून बाकी सगळं काढायचं. एवढ्यावर मशीन सुरू झालं तर एकेक भाग परत लावत जायचं, आणि एका वेळी एकच. दोन गोष्टी एकदम बदलल्या की दुरुस्ती कदाचित होते, पण दोष कशात होता ते कळत नाही आणि तोच दोष महिन्याने परत येतो. सुरू होताना मशीन स्वतःची तपासणी करतं आणि काही खटकलं तर बीप वाजवून किंवा दिवे लुकलुकवून सांगतं. हे इशारे प्रत्येक कंपनीचे वेगळे, म्हणून पुस्तिका हाताशी हवी.

पुस्तिकेवरून आठवलं. धारचा राजा भोज याच्या नावावर असलेल्या 'समरांगणसूत्रधार' या ग्रंथात यंत्रांवर एक अध्याय आहे. यंत्राचे भाग ढिले नसावेत, फार घट्टही नसावेत, जिथे आवाज हवा तिथे तो ठणठणीत असावा, असे गुण त्यात सांगितलेत. यंत्रांची सविस्तर घडण मात्र मुद्दाम दिलेली नाही, ती अज्ञानामुळे नव्हे तर गुप्ततेसाठी, अशी कबुलीही तिथेच आहे. हजार वर्षांनंतर मदरबोर्डचा सर्किट नकाशा कंपनीकडे मागून बघा, उत्तर तेच मिळतं.

रॅमवर खोडरबर फिरवणं हा आपल्याकडचा सर्वमान्य उपाय, आणि तो अनेकदा लागूही पडतो. पण श्रेय बहुतेक वेळा रबराचं नसतं. पट्टी काढून पुन्हा बसवताना तिचे संपर्क स्लॉटमध्ये घासले जातात आणि मळ तिथेच निघतो. त्या संपर्कांवर सोन्याचा मुलामा असतो, तोही मायक्रॉनपेक्षा पातळ. दर महिन्याला रबर घासणारा माणूस हळूहळू तो मुलामाच काढत असतो.

वर्कस्टेशनची रॅम एका बाबतीत निराळी. तिच्यात बहुधा ईसीसी असतं: माहितीच्या दर ६४ बिटांमागे तपासणीचे ८ बिट. रिचर्ड हॅमिंगने १९५० साली मांडलेल्या गणितावर ही सोय उभी आहे. एक बिट चुकला तर तो जागच्या जागी दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान चूक पकडली जाते. २००९ साली गूगलच्या सर्व्हरांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात आठ टक्क्यांहून जास्त रॅमपट्ट्यांमध्ये अशा दुरुस्त झालेल्या चुका आढळल्या. म्हणजे वर्कस्टेशन आजार लपवून काम करत राहतं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये त्या चुकांची नोंद होत असते, आपण ती वाचत नाही एवढंच. हार्ड डिस्कचं उलटं. २००७च्या गूगलच्याच अभ्यासात, बंद पडलेल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी धोक्याच्या चार महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. तिथे बॅकअपला पर्याय नाही.

उरला तो दोष, जो वरच्या सगळ्या दोषांची सोंगं घेतो: अर्थिंग. एसएमपीएसमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटपर्यंत छोटे सारखे कपॅसिटर जोडलेले असतात, विजेतला गोंगाट जमिनीत सोडण्यासाठी. जमिनीची वाटच तुटली तर कॅबिनेट या दोघांच्या मधोमध, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतं. करंट अगदी थोडा असल्याने हाताला फक्त झिणझिण्या येतात आणि टेस्टर पेटतो. पण दुसऱ्या सॉकेटवरचा प्रिंटर किंवा प्लॉटर यूएसबीने जोडला, की हा फरक त्या नाजूक तारेतून वाट काढतो. पोर्ट जळतात, माउस गोठतो, मशीन कारणाशिवाय अडकतं, आणि दोष मदरबोर्डच्या माथी बसतो.

धार-देवासकडे हे जास्त घडायला जमीनही कारण आहे. इथली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला भेगा पडतात. खड्ड्यातली प्लेट किंवा पाइप मातीपासून सुटतो, ओल जाते आणि जमिनीचा विद्युतरोध वाढतो. कोळसा-मीठ घालून उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी ओतायची जुनी पद्धत शास्त्रशुद्ध आहे. नव्या इमारतींत मात्र तो खड्डा अनेकदा फरशीखाली गेलेला असतो.

इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी यावीत, तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत राहावं. आणि हे मोजमाप मे महिन्यात करून घ्या. ऑगस्टमध्ये, ओल्या मातीत, नादुरुस्त अर्थिंगही उत्तम दिसतं.