नाव, नंबर आणि ऑफिसातला पहिला कॉम्प्युटर

बँकेत, पोस्टात किंवा तहसील कचेरीत तुम्ही हे वाक्य कधी ना कधी ऐकलं असेल, "ताई, नाव जुळत नाही." माणूस समोर उभा, चेहरा ओळखीचा, कागद हातात, तरी नाव जुळत नाही. हा घोळ येतो कुठून, ते आज सांगणार आहे. त्यासाठी ऑफिसांमध्ये आलेल्या पहिल्या कॉम्प्युटरकडे जावं लागेल. रोह्याजवळ धाटावच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या ऑफिसात मी त्यावर काम केलं. पगारपत्रक तयार करायचं माझ्याकडे होतं.

आयबीएम कंपनीने ऑफिसच्या टेबलावर मावेल असा कॉम्प्युटर ऑगस्ट १९८१ मध्ये अमेरिकेत बाजारात आणला. तोच 'पीसी'. १९८३ मध्ये त्याचा सुधारलेला प्रकार आला, 'एक्सटी'. आयबीएम तेव्हा भारतात नव्हती, १९७८ मध्येच इथला कारभार आवरून गेली होती. त्यामुळे आपल्याकडे त्याच धर्तीची यंत्रं देशी कंपन्यांनी बनवली. १९८४ च्या अखेरीस केंद्र सरकारने कॉम्प्युटरबाबतचे नियम सैल केले आणि पुढच्या काही वर्षांत ही यंत्रं धाटावसारख्या ठिकाणीही पोचली.

त्याची ताकद किती, तर एक्सटीच्या हार्ड डिस्कमध्ये १० एमबी मजकूर मावायचा. आज मोबाइलवर काढलेला एक फोटो तीन एमबीचा धरला, तर तीन फोटोंत ती भरली! फ्लॉपी म्हणजे पातळ, चौकोनी, हाताने वाकेल अशी तबकडी. तिच्यात ३६० केबी मावायचं. तो एक फोटो ठेवायला नऊ फ्लॉप्या लागल्या असत्या. पण शे-दोनशे कामगारांच्या पगाराला एवढं पुरायचं.

कॉम्प्युटरसाठी वेगळी खोली, एसी, दाराशी चपला काढायच्या. पडदा काळा, अक्षरं हिरवी. माऊस नव्हता, सगळे हुकूम टाइप करून द्यायचे. वीज गेली की साठवून न ठेवलेलं सगळं पुसलं जायचं, म्हणून दहा-बारा नोंदी झाल्या की साठवायचं, ही सवय हाताला लागली. आपल्या पावसाचा त्रास वेगळाच. जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट, की फ्लॉपीवरही बुरशी धरायची. म्हणून प्रत्येक फ्लॉपीच्या दोन प्रती, आणि दोन वेगळ्या कपाटांत. प्रिंटर टिकल्यांनी अक्षर उठवायचा आणि त्याची करकर फाटकापर्यंत ऐकू जायची. पण तो कागदावर ठोका मारत असल्यामुळे कार्बन लावून तीन प्रती एकदम निघायच्या. ह्या प्रती पुढे फार उपयोगी पडल्या.

बेरजेत यंत्र चुकत नसे. हजेरीपत्रकावरून दिवस भरायचे, ओव्हरटाइम भरायचा, फंड आणि उचल वजा करायची. हाताने हेच काम करायला दोघांना चार दिवस लागत. यंत्रावर ते दीड दिवसात व्हायचं.

अडचण नावांची होती. कॉम्प्युटरला माणूस कळत नाही, त्याला फक्त अक्षरं कळतात. आमचा प्रोग्रॅम इंग्रजीत. पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी जिस्ट कार्ड आणलं होतं, पण आमच्या यंत्रात ते नव्हतं. मग 'लक्ष्मी' हे नाव कोणी मध्ये 'एक्स' घालून लिही, कोणी 'के-एस-एच' घालून. आपल्याला ती एकच लक्ष्मी, यंत्राला मात्र दोन बायका. एक स्पेलिंग घालून शोधलं तर दुसरी सापडायचीच नाही.

दुसरी गोष्ट जागेची. मजकूर साठवायला जागा कमी, म्हणून नावाचा रकाना आधीच ठरवून ठेवलेला, समजा वीस अक्षरांचा. उदाहरणादाखल दोन नावं घेऊ, लक्ष्मीबाई नारायण ठाकूर आणि लक्ष्मीबाई नारायण थळे. इंग्रजीत लिहून पाहा. मधल्या मोकळ्या जागा धरून विसावं अक्षर येतं ते आडनावाच्या 'टी-एच-ए'पाशी. पुढचं सगळं कापलं जातं. ठाकूर आणि थळे, दोघी यंत्राच्या लेखी एकच!

तिसरी गोष्ट तर खास बायकांचीच. लग्न झालं की वडिलांचं नाव जातं, नवऱ्याचं येतं, आडनाव बदलतं, कुठे कुठे पहिलं नावही बदलतात. पुरुषाच्या नोंदीवर ही पाळी येत नाही. आमच्याकडे पॅकिंगला एक मुलगी होती. लागली तेव्हा माहेरचं नाव, दोन वर्षांनी लग्न झालं, हजेरीपत्रकावर सासरचं नाव चढलं. फंडाचे कागद मात्र जुन्याच नावाचे. नोकरी सोडल्यावर तिने फंडाचा फॉर्म भरला, तो नाव जुळत नाही म्हणून परत आला. तिचेच पैसे, तिच्याच घामाचे, आणि ती कोण हेच सिद्ध होईना.

सुटका केली ती तिच्या टोकन नंबराने. कपाटातल्या पगारपत्रकांच्या कार्बन प्रती काढल्या. लग्नाआधीच्या महिन्याला जुनं नाव, नंतरच्या महिन्याला नवं, पण टोकन नंबर दोन्हीकडे तोच. त्या प्रती जोडून फॉर्म पुन्हा पाठवला आणि पैसे मिळाले.

पुढे पेणला एका गणपतीच्या कारखान्याचे हिशोब माझ्याकडे आले. तिथे घासकाम, रंगकाम करणाऱ्या बायकांना नगावर मजुरी, वर्षभर घेतलेली उचल त्यातून वळती करायची. वहीत तीन 'सुनंदा' होत्या. कॉम्प्युटरवर घेताना आधी प्रत्येकीला नंबर दिला आणि तो तिच्या स्वतःच्या छोट्या वहीवरही लिहिला. एकीची उचल दुसरीच्या नावावर पडायची सोय राहिली नाही. ज्या बाईला वाचता येत नव्हतं तिलाही आपला नंबर पाठ होता.

आज फोन त्या यंत्रापेक्षा कितीतरी पट ताकदीचा आहे. पण तोही अक्षरंच जुळवतो. म्हणून २०१४ पासून फंडाला 'यूएएन' आला. नोकरी बदलली तरी हा नंबर बदलत नाही. तेव्हा मैत्रिणींनो, एवढं करा. आपल्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा आणि सगळीकडे तेच लिहा. आधार, बँक पासबुक, फंड, रेशनकार्ड एकापुढे एक ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहा. काम अडल्यावर धावपळ करण्यापेक्षा आताच दुरुस्ती करून घ्या. लग्नाच्या नोंदणीचा दाखला जपा, माहेरचं आणि सासरचं नाव जोडणारा तोच पूल आहे. नाव पूर्ण बदललं असेल तर राजपत्रातली नोंदही ठेवा. नवी नोकरी धरताना जुनाच यूएएन द्या. पगाराची प्रत्येक पावती सांभाळा, आणि कागदांच्या दोन प्रती दोन जागी ठेवा. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत, बरं का.

मुलगी पहिल्या कामावर निघाली की तिच्या डब्याबरोबर एवढं शहाणपणही द्या.