नानबाई, हलवाई आणि हॉलंडचा ‘बंकेटबाकर’

आमच्या हिंगोलीत बेकरीला नवा बोर्ड लागला की त्यावर ‘केक शॉप’ नाहीतर ‘कुकीज’ लिहिलेले असते. ‘नानबाई’ हा शब्द वडीलधाऱ्यांच्या तोंडीच उरला. मुलांना तो हलका वाटतो. काहींना तर त्यातली ‘बाई’ खटकते! मराठी बाईशी तिचा काही संबंध नाही. फारसीत नान म्हणजे रोटी. ती भाजून विकणारा नानबाई. हलवाईचेही तसेच. हलवा हा अरबी शब्द, त्याचे मूळ गोडव्यात.

आता हॉलंडकडे पाहा. तिथे पाव भाजणारा ‘ब्रोटबाकर’ आणि पेस्ट्री करणारा ‘बंकेटबाकर’. बाकर म्हणजे भाजणारा. तो दोघांच्याही नावात कायम आहे. ‘बंकेट’ मात्र लांबून आला. इटालियन भाषेत ‘बांको’ म्हणजे बाक, ‘बांकेत्तो’ म्हणजे छोटा बाक. त्यावरून फ्रेंचमध्ये मेजवानीला ‘बांके’ म्हणू लागले. डचांनी तो शब्द घेतला आणि पुढे मेजवानीतल्या गोड पदार्थांनाच तो चिकटला. गंमत अशी की, सराफ ज्या बाकावर नाणी मांडून बसत, त्याच बाकावरून ‘बँक’ हा शब्द निघाला. आपण धंद्याला गादी म्हणतो, तशातलाच प्रकार.

हे डच आपल्याला अगदीच परके नाहीत. 1637 मध्ये त्यांनी वेंगुर्ल्यात वखार घातली. त्याआधी ते सुरतेला कापड आणि निळीसाठी आले होते, म्हणून आम्हा कापडवाल्यांना त्यांचे नाव माहीत. सुरतेतली डचांची भट्टी पुढे फरामजी पेस्तनजी दोटीवाला या पारशी गृहस्थांकडे आली आणि तिथून नानखटाई निघाली, असे सांगतात. भट्टी डचांची, पण नावात ‘नान’ आपलाच! आणि ज्या ‘कुकी’ला आपण इंग्रजी समजतो, ती मुळात डच ‘कूक्ये’, म्हणजे छोटा केक. डच वसाहतवाल्यांबरोबर ती अमेरिकेत गेली आणि तिथून इंग्रजीत शिरली.

अत्तार, मणियार, रंगरेज, तांबोळी ही पेशाचीच नावे आपल्यात आडनावे झाली, ती सांगताना कुणी खाली पाहत नाही. मग नानबाईचाच संकोच का?

बोर्डावर कुकी जरूर लिहा, गिऱ्हाईक त्यावर येते. खाली मालकाच्या नावाशेजारी ‘नानबाई’ लिहायला पेंटर चार अक्षरांचेच जादा पैसे घेईल.