शस्त्रक्रियेच्या अलीकडे आणि पलीकडे

भोपाळच्या बरखेड्याचे नाव महाराष्ट्रातील वाचकाने ऐकले असेल तर ते बहुधा विजेच्या अवजड यंत्रांच्या कारखान्यामुळे. १९५६ साली त्या कारखान्याची कंपनी स्थापन झाली आणि भोवती जी विस्तीर्ण वसाहत वसली तीत नोकरीच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबेही स्थिरावली. याच भागाला लागून, साकेतनगरला, आज अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे मोठे रुग्णालय उभे आहे. तेथे वैद्यकीय शिक्षणाचा पहिला वर्ग २०१२ साली सुरू झाला. त्यापूर्वी कित्येक दशके भोपाळात शिक्षण देणारे रुग्णालय म्हटले की जुन्या शहरातील हमीदिया रुग्णालय डोळ्यांपुढे येई. १९५५ साली निघालेले गांधी वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेले आहे. अशा रुग्णालयांतील ज्या विभागाकडे लोक केवळ एक कंटाळवाणी रांग म्हणून पाहतात, त्या शल्यचिकित्सेच्या बाह्यरुग्ण विभागाविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

शल्यचिकित्सा म्हणजे शस्त्रक्रिया, आणि शस्त्रक्रिया म्हणजे शस्त्रक्रियागृह, अशी आपली समजूत असते. वस्तुतः शल्यचिकित्सकाच्या कामाचा फार मोठा भाग हातात शस्त्र न घेता पार पडतो. कोणावर शस्त्रक्रिया करावयाची, कोणावर करावयाची नाही, आज करावयाची की दोन महिन्यांनी, याचा निर्णय त्या रांगेच्या शेवटी असलेल्या लहानशा खोलीत होतो. पुष्कळ रुग्ण तेथून केवळ औषध, सल्ला किंवा 'चिंतेचे कारण नाही' एवढे ऐकून परत जातात. ज्याच्या पित्ताशयात खडे आहेत पण ज्याला त्यांचा काहीच त्रास नाही, अशा माणसाला सामान्यतः शस्त्रक्रियेची घाई नसते, हे त्याला समजावून सांगण्यास शस्त्रक्रियेइतकाच अनुभव लागतो.

आता या विभागाची रीत पाहू. मुंबई-पुण्याकडे ज्याला केसपेपर म्हणतात त्याला भोपाळात पर्चा म्हणतात. तो हाती आला की रुग्णाची गाठ प्रथम एखाद्या तरुण डॉक्टराशी पडते. तो सारी हकीकत विचारतो, तपासतो, लिहून घेतो. मग वरिष्ठ निवासी डॉक्टर, आणि गरज पडेल तेथे प्राध्यापक. तेच तेच प्रश्न तीनदा विचारले गेल्याने रुग्ण वैतागतो, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्यात त्याचा लाभ आहे. पहिल्याने न विचारलेली एखादी गोष्ट दुसरा विचारतो. पहिल्यापाशी संकोचाने दडवलेली गोष्ट तिसऱ्यापाशी बाहेर पडते. अशा रुग्णालयांत बहुधा डॉक्टरांची पथके असतात, त्यांना 'युनिट' म्हणतात. प्रत्येक युनिटाचा बाह्यरुग्ण तपासणीचा वार ठरलेला, शस्त्रक्रियेचा वार वेगळा. म्हणून आपण ज्या वारी प्रथम गेलो त्याच वारी पुन्हा जाणे हितकारक. वार चुकला की नव्या डॉक्टरांपुढे सारी कथा पहिल्यापासून सांगावी लागते.

रुग्णाभोवती विद्यार्थी उभे असतात. आपल्या दुखण्याचे प्रदर्शन मांडले आहे असे काहींना वाटते. येथे एवढे लक्षात असू द्यावे की विद्यार्थ्यांसमोर तपासणी करू द्यावयाची की नाही हे ठरविण्याचा अधिकार रुग्णाचा आहे, आणि नकार दिला म्हणून उपचारात उणेपणा येता कामा नये. शिक्षकानेही आधी विचारले पाहिजे, पडदा ओढला पाहिजे, स्त्रीरुग्णाजवळ परिचारिका असली पाहिजे. गर्दीच्या दिवशी याकडे दुर्लक्ष होते हे खरे, आणि गर्दी हे त्याचे समर्थन होऊ शकत नाही. मात्र खोकल्यासरशी जांघेत येणारा अंतर्गळाचा फुगवटा बोटांना कसा जाणवतो, हे कोणत्याही पुस्तकातून शिकता येत नाही. तो रुग्णाला उभे करून पाहावा लागतो, आडवे निजवून पुन्हा पाहावा लागतो. अंतर्गळ आत जात असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरविता येते. तोच एकाएकी कठीण झाला, आत जाईना, दुखू लागला आणि उलट्या सुरू झाल्या, तर बाह्यरुग्ण विभागाच्या वाराची वाट न पाहता तत्काळ अपघात विभाग गाठावा लागतो. आतड्याचा रक्तपुरवठा तुटण्याची ती खूण असते.

सर्वांत मोठी हानी मात्र अशा एका तक्रारीत होते जिच्याविषयी बोलण्यासच लोक लाजतात. शौचावाटे रक्त जाणे. मराठीत त्याला सरसकट मूळव्याध म्हणावयाचे, हिंदीत बवासीर. एकदा नाव मिळाले की तपासणीची गरज संपली! मग भिंतीवरच्या जाहिरातीतील खात्रीचे इलाज, चुन्याच्या नि मलमांच्या पुड्या, आणि यात वर्ष सरते. बहुतेकांना मूळव्याधच असते, हे खरे. परंतु गुदाशयाचा कर्करोगही असाच रक्तस्राव करतो, आणि नुसते रक्त पाहून दोहोंतला फरक कोणालाही सांगता येत नाही. बाह्यरुग्ण विभागात हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी दोन मिनिटांची असते. खालच्या भागातील पुष्कळशा गाठी तीत हाताला लागतात, आणि शंका उरली तर दुर्बिणीने आत पाहता येते. ज्याचे वय चाळिशीपुढे आहे, ज्याच्या शौचाच्या सवयी अलीकडे बदलल्या आहेत, ज्याचे वजन उतरते आहे, त्याने तर ही तपासणी टाळूच नये.

स्तनातील गाठीचेही असेच. ती दुखत नाही म्हणून निरुपद्रवी, असा समज घराघरांतून आहे, आणि तो नेमका उलटा आहे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखत नाही. बाह्यरुग्ण विभागात हाताने तपासणी, सोनोग्राफी अथवा मॅमोग्राफी आणि सुईने घेतलेला नमुना, अशा तीन वाटांनी निर्णय होतो. तिन्हींचे उत्तर एक आले तर निश्चिंती, विसंगत आले तर पुन्हा शोध. सुई टोचल्याने गाठ पसरते या भीतीने अनेक स्त्रिया परत फिरतात. त्या भीतीला आधार नाही.

मधुमेही माणसाच्या पायाची गोष्ट आणखी वेगळी. त्याच्या तळव्याची संवेदना हळूहळू जाते. चप्पल चावते ते कळत नाही, काटा रुतला ते कळत नाही, आणि जखम दिसते तेव्हा पू झालेला असतो. अशा रुग्णाला आठवड्यागणिक येऊन ड्रेसिंग करून घ्यावे लागते. कोणत्याही मोठ्या शस्त्रक्रियेपेक्षा हे काम नीरस, पण बोट किंवा पाय वाचतो तो बहुशः याच कामाने.

शस्त्रक्रिया ठरली की भूलतज्ज्ञाकडे पाठवितात. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधे कोणती, केव्हा थांबवावयाची हे त्याच्याकडून लिहून घ्यावे. आपल्या मनाने एकही गोळी बंद करू नये. उपाशी राहण्याच्या सूचनेमागेही कारण आहे. भूल दिलेल्या माणसाला उलटी झाली तर अन्न फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

आणि टाके निघाले, घरी आलो, म्हणजे संपले असे नाही. शस्त्रक्रियेत काढलेला भाग विकृतिशास्त्र विभागाकडे जातो, त्याचा अहवाल यावयास काही दिवस लागतात, आणि तोपर्यंत रुग्ण गावी निघून गेलेला असतो. रायसेन, विदिशा, होशंगाबाद, जे आता नर्मदापुरम् म्हणून ओळखले जाते, अशा ठिकाणांहून आलेल्या माणसाला पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडवून यावेसे वाटत नाही. जखम भरली आहे, दुखत नाही, मग कशाला? परंतु उत्तर आणि मध्य भारतात पित्ताशयाचा कर्करोग दक्षिणेच्या मानाने अधिक आढळतो, आणि खड्यांसाठी म्हणून काढलेल्या पित्ताशयात तो क्वचित् प्रथम त्या अहवालातूनच उघड होतो. त्या वेळी कळले तर पुढची शस्त्रक्रिया करून रोग मुळासकट काढण्याची संधी असते. म्हणून घरी सोडताना मिळालेल्या कागदावर अहवालाची तारीख लिहिली आहे ना, हे रुग्णाच्या नातलगांनी तेथेच, दाराबाहेर पडण्यापूर्वी, पाहून घ्यावे. आणि आपला दूरध्वनी क्रमांक पर्च्यावर बरोबर उतरविला आहे ना, तेही.