लाकडाची काया: बॅलेच्या पोशाखाचा एक परिचय

१९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौसर-पांढुर्ण्याचा मराठी मुलूख मात्र मध्यप्रदेशातच राहिला, तेव्हापासून या मुलखातल्या आमच्या तिगावच्या माणसाचे अर्ज, अपिले आणि दफ्तरे यांची वाट नागपूरऐवजी भोपाळकडे वळली. नागपूर-इटारसी लोहमार्गावरचे तिगाव स्टेशन सोडून सातपुड्याचा घाट चढणारी गाडी ज्या राजधानीकडे जाते, तिथल्या श्यामला टेकड्यांवर मूळची मुंबईची एक संस्था नांदत आली आहे. परंतु तिची ओळख आमच्या भागात जितकी व्हावयास हवी होती तितकी झालेली नाही. ‘रंगश्री लिटिल बॅले ट्रूप’ हे तिचे नाव. शांती बर्धन यांनी १९५२ साली मुंबईत तिची स्थापना केली, पुढे ती ग्वाल्हेरला आणि तेथून भोपाळला आली. तिच्या ‘रामायण’ या नृत्यनाट्यात नर्तकाच्या पोशाखाविषयी जो विचार साकार झाला आहे, त्याचे मोल कळावयाचे तर युरोपातील बॅलेच्या पोशाखाचा इतिहास आधी थोडक्यात पाहिला पाहिजे.

बॅले जन्मला राजदरबारात, आणि त्याचा पहिला पोशाखही दरबारीच होता. १६५३ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई वयाच्या चौदाव्या वर्षी उगवत्या सूर्याच्या वेषात स्वतः रंगभूमीवर नाचला, तेव्हा त्याच्या अंगावरील सुवर्णकिरणांचा तो साज नृत्याच्या सोयीसाठी नव्हे, तर राजसत्तेचा दिमाख मिरविण्यासाठी होता. स्त्रियांच्या घागऱ्याखाली वेताचे सांगाडे, पायांत टाचांचे जोडे आणि मस्तकावर पिसांचे भार असा सारा सरंजाम असे. मारी कामार्गो या नर्तकीने आपले चपळ पदन्यास लोकांना दिसावेत म्हणून घागरा घोट्याच्या वर घेतला आणि टाचा काढून टाकल्या. तिची समकालीन मारी साले हिने १७३४ साली लंडनमध्ये सांगाडा झुगारून, केस मोकळे सोडून, साध्या मलमलीच्या झग्यात नृत्य केले. या दोघींपासून पुढील दीडशे वर्षे पोशाखाचा प्रवास एकाच दिशेने झाला: भार कमी करावा, कापड आखडावे, पाऊल उघडे करावे.

१२ मार्च १८३२ रोजी पॅरिसच्या ऑपेरात मारी ताग्लिओनी ‘ला सिल्फीद’ नाचली आणि घंटेच्या आकाराचा, अनेक पदरी, शुभ्र, पारदर्शक घागरा हा बॅलेचा जणू गणवेशच होऊन बसला. या शुभ्रतेची किंमत मात्र भयंकर होती. रंगमंचावर त्या काळी गॅसच्या उघड्या ज्योती जळत, आणि खळ देऊन फुलविलेले ते तलम कापड ठिणगीसरशी पेट घेई. तुरटी आदी क्षारांच्या द्रावणात कापड बुडवून ते अग्निरोधक करण्याची युक्ती निघाली होती, आणि १८५९ मध्ये फ्रान्सच्या सम्राटाच्या हुकुमाने ती सक्तीचीही झाली. परंतु त्या संस्काराने कापड ताठ आणि मळकट दिसते म्हणून नर्तकी ती टाळीत. ताग्लिओनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिनेही ती नाकारली. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीच्या वेळी तिचा घागरा गॅसच्या ज्योतीजवळ गेला आणि क्षणार्धात ती ज्वाळांनी वेढली गेली. आठ महिने यातना भोगून, वयाची एकविशीही न गाठता, जुलै १८६३ मध्ये ती निवर्तली. सौंदर्याच्या एका कल्पनेपायी इतके कोवळे आयुष्य जळून जावे, हे वाचताना आजही मन विषण्ण होते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घागरा आणखी आखूड होत कमरेभोवती आडव्या तबकडीसारखा पसरला. हाच आजचा टूटू. शिवणकामाच्या दृष्टीने तो एक अजब पदार्थ आहे. जाळीचे दहाबारा थर, वरचा सर्वांत रुंद आणि खालचा अगदी अरुंद, प्रत्येक थर बारीक चुण्या घालून आतल्या चड्डीवर ओळीने शिवलेला. कटीवर घट्ट बसणारा पट्टा. आणि पाठीवर हुकांच्या एकाहून अधिक ओळी, म्हणजे तोच पोशाख उद्या दुसऱ्या नर्तकीलाही बसावा. खार्किव्हमध्ये जन्मलेल्या आणि न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या बार्बरा कारिन्स्का या शिवणकर्तीने चोळीच्या दोन्ही बाजूंस उरेब कापडाचे तुकडे घातले. उरेब कापड ताणाबरोबर लवते, हे आपल्याकडचा प्रत्येक शिंपी जाणतो. त्यामुळे नर्तकीला छाती भरून श्वास घेता येऊ लागला. १९५० मध्ये तिने आतील तारेची कडी काढून टाकून मऊ, आखूड टूटू सिद्ध केला. कलेच्या इतिहासात अशा कारागिरांची नावे नृत्यरचनाकारांच्या बरोबरीने घेतली जावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तरीही विसाव्या शतकात काही कलावंतांनी हा सारा प्रवास उलट दिशेने वळविला. १९१७ च्या ‘पराद’ या बॅलेमध्ये चित्रकार पिकासोने नर्तकांच्या अंगावर पुठ्ठ्याचे प्रचंड मनोरे चढविले. १९२२ साली जर्मनीतील स्टुटगार्ट येथे ऑस्कर श्लेमर याने ‘त्रयी बॅले’ सादर केला, त्यात गोल, शंकू आणि तारांची वेटोळी हेच पोशाख होते, आणि ते अंगावर असता जेवढी हालचाल शक्य होईल तेवढेच नृत्य, असा त्याचा दंडक होता. पोशाखाने देहाला मोकळे करावे ही जुनी अपेक्षा सोडून, पोशाखाने देहाला बांधावे आणि त्या बंधनातूनच गती जन्मावी, असा हा नवा विचार होय.

शांती बर्धन यांचे ‘रामायण’ याच विचाराच्या कुळातले आहे. परंतु त्याची मुळे युरोपात नसून आपल्याकडच्या जत्रेत आहेत. बर्धन मूळचे बंगालमधील कोमिल्ल्याचे. नर्तक उदयशंकर यांच्या अल्मोड्याच्या नृत्यकेंद्रात त्यांनी काम केले, पुढे भारतीय जननाट्य संघाच्या (‘इप्टा’च्या) अंधेरीतील पथकासाठी नृत्यरचना केल्या आणि त्यातच क्षयाने त्यांना गाठले. १९५३ साली मुंबईत रंगमंचावर आलेल्या ‘रामायणा’त जत्रेतला बाहुलीवाला खेळ मांडतो आणि त्याच्या बाहुल्या रामकथा सांगतात, या बाहुल्या म्हणजे मुखवटे चढविलेले जिवंत नर्तक. मुखवटे आणि वेषभूषा अप्पुण्णी कर्था यांची.

जिथे भारतीय नृत्याचा प्राण डोळ्यांत आणि भुवयांत वसतो असे आपण मानतो, तिथे मुखवट्याने चेहराच झाकून टाकला. अश्रू नाहीत, स्मित नाही, कटाक्ष नाही. सीतेचा शोक आता मान किती अंशांनी झुकली, कोपर कुठे अडखळले आणि धागा सैल सुटल्यागत खांदा कसा पडला, एवढ्यावरच व्यक्त व्हावयाचा. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने जतन केलेल्या कळसूत्री बाहुल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना ठाऊक आहे की बाहुलीच्या वळणात एक झटका आणि एक क्षणभराचा विराम असतो. तो झटका आणि तो विराम मनुष्यदेहात आणणे हे महाकठीण काम. कारण सजीव सांध्यांचा स्वभावच मुळी ओघाने वळण्याचा. मुखवटा आणि वेष यांनी नर्तकाला हा स्वभाव विसरावयास लावले. युरोपातल्या दर्जिणींनी देह हलका करण्यासाठी दोन शतके कात्री चालविली. कर्थांच्या वेषाने त्याच देहाचे लाकूड केले, आणि त्या लाकडातून करुण रस वाहू लागला. मला या दुसऱ्या करामतीचे अधिक आश्चर्य वाटते.

नर्तकीच्या पोशाखाचा नवा विचार महाराष्ट्रात कथकाच्या क्षेत्रातही झाला. मादाम मेनका, म्हणजे लीला सोखी, यांनी कथकाला समूहनृत्यनाट्याचे रूप दिले, १९३६ च्या बर्लिन नृत्यमहोत्सवात पारितोषिके मिळविली आणि खंडाळ्याला ‘नृत्यालयम्’ स्थापन केले. त्यांच्या शिष्या दमयंती जोशी या मुंबईच्या मराठी कन्येने कथकात साडी हा वेष रूढ करण्यास आरंभ केला, असे मानले जाते. चक्कर घेताना घेर फुलावा म्हणून जिथे घागऱ्याचीच मिजास होती, तिथे साडी नेसून उभे राहणे हा लहान निर्णय नव्हे.

शांती बर्धन ३ सप्टेंबर १९५४ रोजी वारले. ‘पंचतंत्र’ हे त्यांचे दुसरे नृत्यनाट्य त्यांच्या पश्चात सहकाऱ्यांनी पूर्ण करून रंगमंचावर आणले. तिथे कावळा, उंदीर, कासव आणि हरीण यांच्या अंगलटी नर्तकांना आत्मसात कराव्या लागल्या. संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी गुल बर्धन आणि नृत्यरचनाकार प्रभात गांगुली यांनी वाहिली. युरोपात ‘पराद’ सादर करणाऱ्या, दियागिलेव्हच्या ‘रशियन बॅले’ या नृत्यसंस्थेचे पोशाख लिलावात विकले गेले आणि त्यांतील पुष्कळसे आज कॅनबेराच्या संग्रहालयात बंदोबस्ताने जतन केलेले आहेत. ‘रामायणा’चा वेष मात्र पन्नासहून अधिक वर्षे नर्तकांच्या घामात भिजत राहिला. इतकी वर्षे वापरातले मूळ कापड टिकणे शक्यच नव्हते; टिकली ती बेतण्याची रीत आणि मुखवट्याखाली मान कशी धरावी याची शिकवण, एका नर्तकाने दुसऱ्याला हात धरून दिलेली. गुल बर्धन यांना २०१० साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात भोपाळला त्यांचे निधन झाले.