उन्हाळ्यातील झाडबेडूक व परसातील पाणवठा

मार्च महिना सरला की गोव्यातील अनेक घरांच्या न्हाणीत, हंड्यामागे किंवा दाराच्या चौकटीच्या फटीत एक फिकट तपकिरी बेडूक अंग आक्रसून बसलेला आढळतो. बोटांच्या टोकांशी असलेल्या चकत्यांच्या साहाय्याने तो गुळगुळीत भिंतीवरही सहज चढतो. हाच सामान्य झाडबेडूक होय. ‘पॉलिपेडेट्स मॅक्युलेटस’ हे त्याचे शास्त्रीय नाव असून जॉन एडवर्ड ग्रे ह्या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने १८३० साली त्याचे प्रथम वर्णन केले. मादी नराहून मोठी असते व तिची लांबी सात-आठ सेंटिमीटरपर्यंत भरते.

काही घरांत त्याला केरसुणीने बाहेर लोटले जाते, तर काही ठिकाणी मुले कौतुकाने पकडून बरणीत किंवा जाळी लावलेल्या टाकीत पाळू पाहतात. हेतू भिन्न असले तरी भर उन्हाळ्यात दोहोंचा परिणाम बहुधा एकच होतो, तो म्हणजे बेडकाचा मृत्यू.

उन्हाळा का जाचतो?

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. ओल्या जागी पोट टेकवून तो त्वचेवाटे पाणी शोषून घेतो, आणि त्याच त्वचेवाटे त्याच्या अंगातील ओलावा हवेत निघून जातो. झाडबेडकाने ह्यावर एक उपाय साधला आहे. त्वचेतून स्रवणारा स्निग्ध पदार्थ तो पायांनी सर्वांगावर पुसून घेतो व त्यायोगे बाष्पीभवन मंदावते. दिवसभर पाय पोटाशी घेऊन निश्चल बसणे हाही त्याच बचावाचा भाग आहे. हाताळल्याने किंवा हुसकावल्याने ही व्यवस्था मोडते. शिवाय माणसाच्या हातावरील साबण, तंबाखू वा कीटकनाशकाचा अंश त्याच्या त्वचेतून थेट शरीरात जातो.

बंदिस्त टाकीचे दोष

उन्हात ठेवलेली काचेची बरणी अथवा प्लॅस्टिकचे उथळ टब थोड्याच वेळात तापते. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, आणि विष्ठेमुळे ते लवकर दूषित होते. सावली व गारवा शोधत जागा बदलणे हा बेडकाचा मुख्य बचाव असतो. बंदिवासात नेमका तोच नाहीसा होतो. निरनिराळ्या ठिकाणचे बेडूक एकत्र कोंडल्यास त्वचेचे बुरशीजन्य रोग एकाकडून दुसऱ्यास जडण्याचा धोका असतो. वन्य प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचे संरक्षण आहे, हेही विसरता कामा नये. म्हणून झाडबेडूक पकडून आणण्याऐवजी तो आपणहून येईल व आपणहून जाईल, असा पाणवठा परसात करणे श्रेयस्कर ठरते.

पाणवठा कसा करावा?

केळी, अळू किंवा सुपारीच्या दाट सावलीत मातीचे पसरट भांडे गळ्यापर्यंत जमिनीत पुरावे. पाण्याची खोली चार बोटांहून अधिक नसावी. एका बाजूस खडबडीत चिरा तिरपा ठेवावा, म्हणजे आत उतरलेल्या प्राण्यास बाहेर पडता येते. शेजारी पालापाचोळा, फुटके मडके व नारळाच्या सोडणांचा ढीग असावा. दिवसा लपण्यास तो उपयोगी पडतो. नळाचे पाणी क्लोरीनयुक्त असल्यास ते एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मगच वापरावे.

मांजर व कोंबड्यांपासून रक्षणासाठी नायलॉनची जाळी पसरण्याचा मोह टाळावा. तीत बेडूक व दिवडासारखे निरुपद्रवी साप अडकून मरतात. भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण पुरेसे होते.

साठलेल्या पाण्यात डास होतील, ही शंका रास्त आहे. डासाच्या अंड्यापासून पूर्ण वाढलेला डास होण्यास साधारणपणे आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर चार-पाच दिवसांनी भांडे रिकामे करून आतून काथ्याने घासावे व पुन्हा भरावे. उन्हाळ्यात बेडकांची अंडी वा पिले त्यात नसल्याने ह्या सफाईने कोणतीही हानी होत नाही. पाण्यात गप्पी मासे मात्र सोडू नयेत. पुढे पावसाळ्यात ते बेडकांची पिले खातात.

पावसाळ्याच्या तोंडावर

जूनमध्ये पाऊस सुरू झाला की झाडबेडकांचा प्रजननकाळ येतो. मादी अंगातून स्रवणारा द्रव मागील पायांनी घुसळून पाण्यावर झुकलेल्या पानावर वा हौदाच्या भिंतीवर पांढरा फेस तयार करते व त्यात शेकडो अंडी घालते. काही दिवसांनी पिले खालच्या पाण्यात पडतात व दीड-दोन महिन्यांत त्यांचे बेडूक होतात. सत्तरी, सांगे व काणकोण तालुक्यांतील घाटालगतच्या रानात आढळणारा हिरवा मलबारी उडता बेडूकही असेच फेसाचे घरटे करतो. हा फेस घाण समजून धुऊन टाकू नये. पिण्याच्या पाण्याच्या हौदावर मात्र आधीच घट्ट झाकण बसवावे, म्हणजे घरटे तेथे होणारच नाही.

कुळागरे असलेल्यांनी आणखी एक दक्षता घ्यावी. सुपारीवरील कोळेरोगाच्या प्रतिबंधासाठी पावसाळ्याच्या सुमारास बोर्डो मिश्रण फवारतात. त्यातील तांबे पाण्यात उतरल्यास बेडकांच्या पिलांना घातक ठरते. फवारणीच्या दिवशी पाणवठे झाकून ठेवावेत, पंप व पिंपे तळीत किंवा पाटात धुऊ नयेत.

बेडूक हे किडींचे मोठे भक्षक आहेत. त्यांच्या पायांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली, त्यामागे हीदेखील जाणीव होती. विहिरी आटतात आणि जुन्या तळ्या बुजतात, तेव्हा सावलीतील एक पसरट भांडे अल्प वाटले तरी पाऊस येईपर्यंत परसातील झाडबेडकांना तेच तगवून धरू शकते.