सहायकाची खुर्ची

२०१८ साली ब्रिस्बेनमध्ये एक मोठी अवघड खटपट चालली होती. ब्रिस्बेन ब्राँकोज हा तिथला रग्बी लीगचा सगळ्यात बडा क्लब. त्याचे प्रशिक्षक वेन बेनेट तेव्हा ६८ वर्षांचे होते. १९८८ साली क्लब सुरू झाला तेव्हा पहिले प्रशिक्षक तेच होते, आणि क्लबने तोवर जिंकलेली सहाच्या सहा अजिंक्यपदं त्यांच्याच हाताखालची. पण कारभाऱ्यांना आता बदल हवा होता, आणि त्यासाठी ते गेले मेलबर्नच्या क्रेग बेलमींकडे. म्हणजे ज्यांनी याच क्लबात बेनेट यांचे सहायक म्हणून पाच हंगाम काढले होते, त्यांच्याकडे. बेनेट अजून खुर्चीत होते आणि बोलणी वर्तमानपत्रांत छापून येत होती. बेलमींनी मे महिन्यात मेलबर्नशीच नवा करार केला आणि ब्राँकोजची पंचाईत झाली. तरी डिसेंबरमध्ये बेनेट यांना नारळ मिळालाच. त्यांच्या जागी आले अँथनी सायबोल्ड, म्हणजे बेलमींचेच एक माजी सहायक! आणि सायबोल्ड जो क्लब सोडून आले, त्या साउथ सिडनीची रिकामी खुर्ची बेनेट यांनी पटकावली.

खेळाच्या दुनियेत जुना उस्ताद आणि त्याचा जुना सहायक यांची झुंज नवी नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये अलाबामाचे निक सेबन आपल्या माजी सहायकांना वर्षानुवर्षं हरवत आले; २०२१ मध्ये जिंबो फिशर यांनी ती माळ तोडली आणि जानेवारी २०२२ च्या अंतिम सामन्यात जॉर्जियाच्या कर्बी स्मार्ट यांनी सेबनना ३३-१८ असं हरवलं. पण अमेरिका अफाट आहे. तिथला सहायक दूरच्या राज्यातल्या कॉलेजात गेला, तर गुरूची गाठ कित्येक वर्षं पडणारही नाही. ऑस्ट्रेलियात कॉलेजचा फुटबॉल असा नाहीच. खेळ आहे तो क्लबांचा, आणि रग्बी लीगच्या मुख्य स्पर्धेत क्लब आहेत जेमतेम १७. सहायकाने मुख्य प्रशिक्षक व्हायचं म्हणजे त्या १७ खुर्च्यांपैकी एकीवर बसायचं. त्यामुळे तो गुरूच्या वाटेत वर्षातून एकदा-दोनदा येणारच. शिष्याकडून आपली हार व्हावी अशी इच्छा गुरूने धरावी, असं आपल्याकडचं जुनं सुभाषित सांगतं. सिडनीत किंवा ब्रिस्बेनमध्ये अशी इच्छा धरणाऱ्याची नोकरी फार दिवस टिकायची नाही.

इथे थोडं थांबून खेळ समजून घ्यायला हवा, कारण ऑस्ट्रेलियात ‘फुटी’ म्हटलं की शहर बदललं की अर्थ बदलतो. मेलबर्नकर फुटी म्हणतो तो अंडाकृती मैदानावरचा, १८-१८ जणांचा ऑस्ट्रेलियन रूल्स. सिडनी आणि ब्रिस्बेनवाल्यांची फुटी म्हणजे रग्बी लीग. त्यात बाजूला १३ खेळाडू असतात. चेंडू काखेत घेऊन पुढे धावायचं, समोरच्यांनी त्याला पकडून आडवं करायचं. आडवा झालेला उठतो, चेंडू पायाने मागे सरकवतो, पुन्हा हल्ला सुरू. अशा सहा पकडी झाल्या की चेंडू दुसऱ्या संघाकडे जातो. आपल्या कबड्डीत चढाई करणाऱ्याला तीन-चार जण मिळून धरतात, तीच ही पकड. फरक इतकाच, की इथे पकडल्यावर डाव संपत नाही, उलट खरा डाव तिथूनच सुरू होतो. कारण दर पकडीनंतर बचाव करणाऱ्या संघाला दहा मीटर मागे हटावं लागतं. पडलेला गडी झटकन उठला, तर बचाव अजून मागे पळतच असतो आणि समोर भगदाड दिसतं. त्याला दोन सेकंद जास्त दाबून ठेवलं, तर भिंत उभी राहते. सगळा सामना त्या दोन सेकंदांचा.

हे दोन सेकंद बेलमींनी जितके ओळखले, तितके क्वचितच कोणी ओळखले असतील.

आधी बेनेट यांची ओळख. १९५० च्या १ जानेवारीला क्वीन्सलंडमध्ये जन्म. वॉरिक या गावात वाढले. वडील दारूच्या आहारी गेलेले, घर सोडून निघून गेलेले. बेनेट स्वतः दारूला शिवत नाहीत. पोटापाण्यासाठी पोलीस झाले, पोलीस अकादमीत शिकवलं. तिथेच त्यांना माल मेनिंगा नावाचा धिप्पाड पोरगा भेटला, जो पुढे देशाचा कर्णधार झाला. बेनेट यांचा चेहरा कायम कोरा, पत्रकार परिषदेत उत्तर एका शब्दात, तेही मिळालं तर. पण खेळाडू त्यांच्यासाठी जीव टाकायला तयार असतात, कारण ते मैदानावरच्या गणितापेक्षा माणसाकडे जास्त बघतात, असं त्यांच्या हाताखाली खेळलेले वारंवार सांगतात.

बेलमी त्यांच्याहून जवळजवळ दहा वर्षांनी लहान. न्यू साउथ वेल्समधल्या पोर्टलंड गावचे. कॅनबेरा रेडर्सकडून १४८ सामने खेळले. गुणी, कष्टाळू, पण तारा कधीच नव्हते. १९८७ साली बेनेट कॅनबेराला डॉन फर्नर यांच्या जोडीने प्रशिक्षक होते, तेव्हा हा खेळाडू त्यांच्या नजरेखालून गेला. १९९८ मध्ये बेनेट यांनी त्यांना ब्रिस्बेनला आपल्या हाताखाली घेतलं. १९९८ आणि २००० अशी दोन अजिंक्यपदं बेलमींनी सहायक म्हणून पाहिली. २००३ मध्ये मेलबर्न स्टॉर्मने त्यांना मुख्य प्रशिक्षक केलं आणि ते निघाले.

मेलबर्न म्हणजे परमुलूख. तिथे रग्बी लीगला कोणी विचारत नाही. पेपरांची क्रीडापानं ऑस्ट्रेलियन रूल्सने भरलेली. बेलमींना याचा फायदाच झाला. ओळख नसलेल्या शहरात खेळाडू शांतपणे राबले. नव्याने येणाऱ्या खेळाडूला आधी बांधकामावर वगैरे आठवडाभर मजुरी करायला पाठवायचं, अशी प्रथा तिथे पडली. नांगी टाकली की कळतंच. आणि गंमत बघा, ज्या पोरांवर हा संघ उभा राहिला ती बहुतेक क्वीन्सलंडची, म्हणजे ब्राँकोजच्या अंगणातली. कॅमरन स्मिथ लोगनचा, बिली स्लेटर उत्तरेतल्या इनिसफेलचा, कूपर क्राँक ब्रिस्बेनचाच. बेनेट यांच्या नाकासमोरून ही तीन पोरं दक्षिणेला गेली. पुढची पंधरा वर्षं ती ब्राँकोजला महागात पडली.

बेलमींनी पकडीसाठी कुस्ती आणि जुजुत्सूचं शिक्षण सुरू केलं. हात कुठे अडकवायचा, वजन कुठे टाकायचं, गडी उठताना त्याचा पाय कसा बांधायचा, याचा रोजचा सराव. पंच शिट्टी मारणार नाहीत आणि समोरचा वेळेत उठणारही नाही, इतपत. टीकाकार याला खेळ नासवणं म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असं नाही. त्या दशकातले काही सामने बघताना आपण आखाड्यात आलो की काय असं वाटतं. पण थोड्याच वर्षांत प्रत्येक क्लबाने कुस्तीचा मास्तर नेमला. सामना चालू असताना काचेच्या खोलीतून ओरडणारे, टेबल आपटणारे बेलमी टीव्हीवाल्यांचे लाडके. त्यांचं टोपणनाव ‘बेलीएक’, म्हणजे पोटदुखी. बेनेट यांच्या शेजारी पाच वर्षं बसून त्यांनी गुरूचा थंडपणा तसूभरही उचलला नाही. उचललं ते वेगळंच: कोणत्या पोराला घरी काय चाललंय हे विचारायचं आणि कोणाला नुसतं झापायचं, याची जाण. डावपेच तर कोणीही चित्रफिती बघून चोरू शकतो.

१ ऑक्टोबर २००६. सिडनीत अंतिम सामना. न्यू साउथ वेल्समधला एकही संघ नसलेला हा पहिलाच अंतिम सामना, तोही सिडनीच्याच मैदानावर. तरी प्रेक्षक ७९ हजारांवर. साखळीत स्टॉर्म पहिल्या क्रमांकावर. ब्राँकोज उपांत्य फेरीत ६-२० असे मागे पडूनही बुलडॉग्जला ३७-२० हरवून आलेले. निकाल ब्राँकोज १५, स्टॉर्म ८. शेवटी शेवटी कर्णधार डॅरेन लॉक्यरने एका गुणाची किक मारून दरवाजा लावून टाकला. सामनावीर शॉन बेरिगन. आडदांड शेन वेबकीचा तो शेवटचा सामना. गुरू जिंकला. चार वर्षांनी उघड झालं, की त्या काळात स्टॉर्म खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा लपवाछपवी करून ओलांडत होता. एप्रिल २०१० मध्ये त्यांची २००७ आणि २००९ ची अजिंक्यपदं काढून घेतली गेली, २००६ ते २००८ चे साखळीतले पहिले क्रमांकही गेले. बेलमींचा त्यात हात असल्याचं निष्पन्न झालं नाही. पण मला विचाराल, तर बेनेट यांचा २००६ चा विजय या उलगड्यानंतर दुप्पट वजनाचा ठरतो.

शिष्याने परतफेड केली ती २००८ च्या २० सप्टेंबरला, ब्रिस्बेनमध्येच. २१ हंगामांनंतर बेनेट क्लब सोडणार हे जाहीर झालेलं. बाद फेरीचा सामना, ब्राँकोज १४-१२ ने पुढे, एखादा मिनिट उरलेला. अ‍ॅश्टन सिम्सच्या हातून चेंडू सुटला, आणि काही क्षणांत स्टॉर्मच्या ग्रेग इंगलिसने कोपऱ्यात तो टेकवून गुण मिळवले. १६-१४. बेनेट यांची पहिली ब्राँकोज पाळी अशी संपली. पण कुस्तीने आपली किंमत वसूल केलीच: त्याच सामन्यात सॅम थाइडेची मान आवळणारी पकड केल्याबद्दल कॅमरन स्मिथवर बंदी आली, आणि कर्णधाराविना उतरलेल्या स्टॉर्मला अंतिम सामन्यात मॅनलीने ४०-० धुतलं.

याच वर्षांत बेलमींवर एक आणखी विचित्र वेळ आली. दरवर्षी क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या राज्यांत तीन सामन्यांची ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ मालिका होते, आणि खेळाडू आपल्या मूळ राज्याकडून खेळतो. २००८ ते २०१० बेलमी न्यू साउथ वेल्सचे प्रशिक्षक होते. समोर क्वीन्सलंडकडून स्मिथ, स्लेटर, इंगलिस, क्राँक, म्हणजे त्यांनीच घडवलेली पोरं. आणि क्वीन्सलंडचे प्रशिक्षक माल मेनिंगा, बेनेट यांचा पोलीस अकादमीतला तोच पोरगा. बेलमी तिन्ही मालिका हरले.

मग बेलमींच्या हाताखालून माणसं बाहेर पडू लागली. स्टीफन कीर्नी, ब्रॅड आर्थर, डीन पे, अ‍ॅडम ओब्रायन, सायबोल्ड, जेसन रायल्स, मायकल मॅग्वायर. एकेक करून सगळ्यांना खुर्च्या मिळाल्या. क्लबांचा हिशेब साधा असतो: पगाराला मर्यादा आहे, खेळाडू सगळ्यांना सारख्याच पैशांत घ्यायचे आहेत, तर बेलमींच्या तालमीतला मास्तर आणावा. हा हिशेब नेहमी जमत नाही. सायबोल्ड यांच्या काळात, २०२० साली, ब्राँकोज इतिहासात पहिल्यांदाच तळाला गेले. सायबोल्ड यांनी हंगाम संपण्याआधीच पद सोडलं. पद्धत सोबत नेता येते, पण ती पंधरा-वीस वर्षं एकाच घरात मुरलेली असते, हे क्लबांच्या कारभाऱ्यांना उशिरा कळतं.

ऑस्ट्रेलियन रूल्समध्ये याच्या अगदी उलट घडलं. हॉथॉर्न क्लबचे अलिस्टर क्लार्कसन यांनी २००८ आणि मग २०१३ ते २०१५ सलग, अशी चार अजिंक्यपदं जिंकली. त्यानंतरची पाच वर्षं बघा. २०१६ ला ल्यूक बेव्हरिज वेस्टर्न बुलडॉग्जसह, २०१७, २०१९ आणि २०२० ला डेमियन हार्डविक रिचमंडसह, २०१८ ला अ‍ॅडम सिम्पसन वेस्ट कोस्टसह. पाचही वर्षांचे विजेते प्रशिक्षक हे क्लार्कसन यांचे जुने सहायक. बेव्हरिज यांनी तर २०१६ मध्ये बाद फेरीत खुद्द हॉथॉर्नलाच १०७-८४ असं बाहेर काढलं होतं. क्लार्कसन स्वतः पोर्ट अ‍ॅडलेडला मार्क विल्यम्स यांचे सहायक होते, हेही जाता जाता.

आता मॅग्वायर. हेही एके काळी कॅनबेराकडून खेळलेले. २००५ पासून पाच हंगाम ते बेलमींचे सहायक होते; म्हणजे २००६ चा तो पराभव त्यांनी स्टॉर्मच्या बाजूने अनुभवला. नंतर इंग्लंडला जाऊन २०१० मध्ये विगनला विजेतेपद मिळवून दिलं, आणि २०१४ मध्ये साउथ सिडनीचा ४३ वर्षांचा दुष्काळ संपवला. २०२४ मध्ये त्यांनी न्यू साउथ वेल्सला ओरिजिन जिंकून दिली. गुरूला तीन प्रयत्नांत जमलं नव्हतं ते त्यांनी पहिल्याच खेपेस केलं. सराव इतका कडक, की खेळाडूंच्या कुरबुरी बाहेर येतात. २०२५ साठी ब्राँकोजने त्यांना नेमलं.

तो २०२५ चा हंगाम बेलमींनी सुरू केला तो दुसऱ्या एका शिष्याला झोडपून. पॅरामॅटाचे नवे प्रशिक्षक जेसन रायल्स यांचा पहिलाच सामना मेलबर्नमध्ये स्टॉर्मशी, आणि निकाल ५६-१८. मॅग्वायर यांचे ब्राँकोज मात्र अडखळत चौथे आले. बाद फेरीत कॅनबेराला जादा वेळेत २९-२८ ने हरवलं. सलग चार वर्षांचा विजेता पेनरिथ १४-० ने पुढे होता, त्याला १६-१४ ने गाठलं. ५ ऑक्टोबरला सिडनीत अंतिम सामना, समोर बेलमींचा स्टॉर्म. मध्यंतराला स्टॉर्म २२-१२. उत्तरार्धात स्टॉर्मला एक गुणही करता आला नाही. ब्राँकोज २६, स्टॉर्म २२. रीस वॉल्श सामनावीर.

बेनेट यांच्यानंतर ब्राँकोजला अजिंक्यपद मिळवून देणारा हा पहिला प्रशिक्षक, आणि तो घडला बेनेट यांच्याच सहायकाच्या तालमीत. बेनेट तेव्हा ७५ वर्षांचे होते, पुन्हा साउथ सिडनीत, ९०० हून अधिक सामन्यांचा अनुभव पाठीशी घेऊन, तक्त्याच्या खालच्या टोकाला अडकलेल्या संघाशी झगडत.