कचऱ्याच्या ढिगातील काळे पाणी

परभणी जिल्ह्यातील काळी जमीन पावसाळ्यात फुगून मिटते. म्हणून तिच्यावरील कचऱ्याचे पाणी खाली उतरत नाही, असा समज होणे स्वाभाविक आहे. तो अर्धाच खरा आहे. उन्हाळ्यात ह्याच जमिनीस खोल भेगा पडतात. मृगाच्या पहिल्या सरी ढिगातून झिरपून त्या भेगांवाटे मुरमात, आणि तेथून फुटक्या कातळातून विहिरीकडे जाऊ शकतात. पुण्याजवळील उरुळी देवाची व फुरसुंगी येथील विहिरी शहराच्या कचऱ्याने बिघडल्या, हे सर्वश्रुत आहे.

ढीग नवा असताना ह्या पाण्यात मुख्यत्वे साधी आम्ले असतात व जंतू ती खाऊन टाकतात. ढीग जुना झाला की ह्यूमिक आम्लांसारखे मोठ्या रेणूंचे पदार्थ उरतात. पाण्याचा काळपट रंग त्यांचाच. शेतातील ह्यूमस हितकारक खरा. परंतु येथे हेच पदार्थ कचऱ्यातील जड धातूंना धरून आपल्याबरोबर वाहून नेतात. ते जंतूंना सहसा पचत नाहीत, त्यामुळे तळ्यात पाणी साठवून वा त्यात हवा खेळवून फारसा उपयोग होत नाही.

अशा वेळी फेंटन ह्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८९४ साली वर्णिलेली क्रिया योजतात. पाण्याचा सामू सुमारे ३ पर्यंत उतरवून त्यात हिराकस व हायड्रोजन पेरॉक्साइड घालतात. हिराकस म्हणजे लोहाअभावी पिवळ्या पडलेल्या पिकावर फवारतात तोच. त्यातील लोह पेरॉक्साइडला फोडते व हायड्रॉक्सिल नावाचे अत्यंत क्रियाशील कण निर्माण होतात. ते क्षणभरही टिकत नाहीत, पण तेवढ्यात मोठे रेणू तोडतात. उरलेले लहान तुकडे जंतूंना पचू शकतात. मग चुना घातला की लोह गाळरूपाने तळाशी बसते. त्या गाळाचीही निराळी विल्हेवाट लावावी लागते.

हे काम प्रशिक्षित माणसांचे आहे. पेरॉक्साइडने कातडी भाजते, तेव्हा गावात ह्याचा प्रयोग करू नये. शिवाय क्लोराइड व बहुतांश अमोनिया ह्या क्रियेने निघत नाहीत. रंग गेला म्हणून ते पाणी पिकास देणे चुकीचे होय. काळे पाणी म्हणजे पातळ खत, ही समजूत तर त्याहून घातक.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ओला कचरा ढिगावर न जाऊ देता कंपोस्टच्या खड्ड्यात वळवावा, कीटकनाशकांच्या बाटल्या वेगळ्या ठेववाव्यात आणि ढिगाच्या वरच्या अंगास चर खणवून पावसाचे पाणी बाजूने काढावे. ढिगाच्या उतारावरील विहिरींचे पाणी पावसाळ्यापूर्वी व नंतर तपासून घ्यावे. त्यात क्लोराइड व अमोनिया मुद्दाम पाहण्यास सांगावे.